इंजिन कुठे, ताकद कुठल्या चाकांना: वेगवान गाड्यांच्या हाताळणीचा आढावा

इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना द्यावी, मागच्या चाकांना द्यावी की चारही चाकांना? आणि ते इंजिन पुढे बसवावं, अगदी मागे, की मधोमध? वेगवान गाड्यांच्या जगात या दोन प्रश्नांवर जितका वाद झाला, तितका क्वचितच दुसऱ्या कशावर झाला असेल. मधल्या काळात टायर सुधारले, इलेक्ट्रॉनिक्स आलं आणि वाद मिटेल असं वाटू लागलं. पण विजेवरच्या गाड्या आल्या आणि तो पुन्हा नव्याने उभा राहिला. हा वाद आज कुठे येऊन ठेपला आहे, कुठली उत्तरं पक्की झाली आणि कुठली अजून व्हायची आहेत, ते इथे पाहायचं आहे.

सुरुवातीलाच दोन गोष्टी वेगळ्या करतो, कारण अर्धा गोंधळ त्या एकत्र केल्यामुळे होतो. पहिली म्हणजे हाताळणी. वळणावर गाडी किती वेग झेलते, ब्रेक लावल्यावर किती स्थिर राहते, वळणातून बाहेर पडताना ताकद किती लवकर रस्त्यावर उतरवते, हे सगळं मोजता येतं. दुसरी म्हणजे चालकाला होणारी जाणीव, ज्याला गाडीवेडे ‘फील’ म्हणतात. स्टिअरिंगमधून, सीटमधून आणि पायाखालच्या पेडलमधून गाडी चालकाला काय सांगते आणि किती आधी सांगते, हा तिचा प्रांत. जलद गाडी बोलकी असेलच असं नाही आणि बोलकी गाडी जलद असेलच असंही नाही.

मांडण्या कशा घडत गेल्या

१८९१च्या सुमारास फ्रान्सच्या पानार-लेव्हासोर कंपनीने इंजिन पुढे, त्यामागे गिअरबॉक्स आणि ताकद मागच्या चाकांना अशी रचना केली. पुढची कित्येक दशकं मोटारगाडी म्हणजे हीच रचना असं समीकरण होतं. पुढची चाकं वळवायची, मागची ढकलायची. कामाची वाटणी सरळ होती. १९३४ मध्ये सिट्रोएनच्या ‘ट्राक्सियाँ आव्हाँ’ने पुढच्या चाकांना ताकद देऊन हे समीकरण मोठ्या प्रमाणावर मोडलं. १९५९ मध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी मिनीमध्ये इंजिन आडवं बसवलं, तेव्हा छोट्या गाडीचा आराखडाच बदलला. मिनी जागा वाचवण्यासाठी जन्मली होती. पण १९६४, १९६५ आणि १९६७ साली तिने माँटे कार्लो रॅली जिंकली आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी नुसती काटकसरीची सोय नाही, हे स्पर्धेच्या जगाला मान्य करावं लागलं.

इंजिन चालकाच्या पाठीमागे पण मागच्या एक्सलच्या पुढे ठेवायचा प्रयोग १९३०च्या दशकात ऑटो युनियनच्या ग्रां प्री गाड्यांनी केला. फर्डिनांड पोर्शे यांच्या आराखड्यावरच्या त्या गाड्या ताकदवान होत्या, पण त्यांना काबूत ठेवणं मोजक्याच चालकांना जमलं; बर्न्ड रोझमायर त्यांतले अग्रणी. खरा पालट झाला तो कूपर या छोट्या इंग्रज कंपनीमुळे. १९५८ मध्ये स्टर्लिंग मॉस यांनी अर्जेंटिना ग्रां प्री कूपरमधून जिंकली. १९५९ आणि १९६० मध्ये जॅक ब्रॅबहम कूपरमधूनच विश्वविजेते झाले. १९६० मध्ये मोंझाला फिल हिल यांनी फेरारीतून मिळवलेला विजय हा पुढे इंजिन असलेल्या गाडीचा जागतिक अजिंक्यपदातला शेवटचा विजय ठरला. १९६५ मध्ये जिम क्लार्क यांच्या लोटसने इंडियानापोलिस ५०० जिंकली आणि अमेरिकेतही मध्य-इंजिनाने जागा पक्की केली. वर्षभरात लॅम्बोर्गिनी मिऊरा आली आणि रस्त्यावरच्या महागड्या गाड्यांनीही तोच मार्ग धरला.

चारही चाकांना ताकद देण्याची कथा जास्त वळणांची आहे. १९६१ मध्ये ओल्टन पार्कच्या ओलसर ट्रॅकवर मॉस यांनी फर्ग्युसन पी९९ मधून गोल्ड कप जिंकला. फॉर्म्युला वनच्या गाड्यांच्या शर्यतीत चारचाकी ताकदीच्या गाडीचा तो एकमेव विजय. १९६९ मध्ये लोटस, मात्रा आणि मॅक्लारेन यांनी पुन्हा प्रयत्न केला आणि तिघांनाही अपयश आलं. यंत्रणेचं जादा वजन आणि जड, निर्जीव स्टिअरिंग ही दोन कारणं होती. शिवाय त्याच सुमारास पंख आले. हवेच्या दाबाने मागच्या चाकांना हवी ती पकड मिळू लागली, वजन न वाढवता. मग १९८०च्या जिनेव्हा प्रदर्शनात ऑडीने क्वात्रो मांडली. तिची कल्पना १९७७ च्या हिवाळ्यात फिनलंडमध्ये बर्फावर फोक्सवॅगन इल्टिस ही लष्करी गाडी चाचण्यांत पुढे पळाली त्यावरून निघाली. १९८१ मध्ये मिशेल मूतों यांनी सानरेमो रॅली क्वात्रोतून जिंकली. १९८३ साली लान्चिया ०३७ने उत्पादकांचं अजिंक्यपद मिळवलं. फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं जागतिक रॅलीतलं ते शेवटचं. पुढे १९८७ ते १९९२ सलग सहा वर्षं चारचाकी ताकदीच्या लान्चिया डेल्टाने तेच पद राखलं.

मराठी वाचकाला यातल्या बऱ्याच मांडण्या रोजच्या गाड्यांमधून माहीत आहेत, फक्त त्या नावाने नाही. कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी ही पुढे इंजिन, मागे ताकद. १९८३ नंतरची मारुती ८०० ही आडवं इंजिन आणि पुढे ताकद. टाटा नॅनो ही मागे इंजिन, मागे ताकद. आणि आता चाकणला बनणारी महिंद्राची बीई ६ मागच्या एक्सलवरच्या विजेच्या मोटरवर चालते.

टायरचा हिशेब

वादाचं मूळ टायरच्या तळहाताएवढ्या स्पर्शक्षेत्रात आहे. टायरकडे पकडीचा एक ठरावीक साठा असतो. तो पुढे ढकलण्यात, ब्रेक लावण्यात आणि बाजूला वळवण्यात वाटावा लागतो. एका कामाला जास्त दिला की दुसऱ्याला कमी उरतो. मांडणी ठरवते ती एवढीच गोष्ट: कुठल्या चाकांवर किती भार आणि त्यांच्यावर कुठली कामं.

भार स्थिर नसतो. १५०० किलोची गाडी घ्या. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत २.६ मीटर अंतर आहे. ती अर्ध्या ‘जी’ने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या निम्म्याने, वेग घेऊ लागली की सुमारे १४४ किलो भार पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर सरकतो. मागची चाकं ढकलत असतील तर हा सरकणारा भार त्यांच्या मदतीला येतो. पुढची ओढत असतील तर नेमका हवा तेव्हा निघून जातो.

याच गाडीवर हिशेब पुढे नेला तर चित्र फार स्पष्ट होतं. कोरड्या रस्त्यासाठी घर्षणांक १ धरू. ६० टक्के वजन पुढे असलेली, पुढे ताकद असलेली गाडी जास्तीत जास्त ०.५० जी त्वरण घेऊ शकते. निम्मं-निम्मं वजन आणि मागे ताकद असेल तर ०.६२ जी. मागे ६० टक्के वजन आणि मागेच ताकद असेल तर ०.७४ जी. चारही चाकांना ताकद असेल तर कागदावर पूर्ण १ जी. आता पाऊस येऊ द्या, घर्षणांक ०.५ वर आणा. पहिल्या दोन गाड्या ०.२७ आणि ०.२८ वर येतात, म्हणजे फरक जवळपास संपतो. बर्फासारख्या ०.२ वर तर पुढे ताकद असलेली गाडी ०.११६ आणि निम्म्या-निम्म्या वजनाची मागे ताकद असलेली ०.१०४, असं उलटतं. मागे इंजिन असलेली गाडी तिथेही ०.१२५ राखते आणि चारही चाकांना ताकद असलेली ०.२.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि दोन्हींकडे वादात दुर्लक्ष होतं. पकड जितकी चांगली, तितकी पुढच्या चाकांची अडचण मोठी. म्हणजे उत्तम टायर ही पुढे ताकद असलेल्या गाडीची तुलनेने गैरसोय आहे. दुसरी गोष्ट ताकदीची. ताशी ६० किलोमीटर वेगाला या गाडीला ०.५० जी त्वरण द्यायला सुमारे १६५ अश्वशक्ती चाकांवर लागते. त्याहून कमी ताकद असेल तर त्या वेगाच्या वर, सरळ रस्त्यावर, कुठली चाकं फिरतात याने काहीही बिघडत नाही. वळणात मात्र बिघडतं, कारण तिथे साठ्यातला मोठा वाटा आधीच खर्ची पडलेला असतो.

वजन किती आहे याबरोबर ते कुठे आहे यालाही महत्त्व आहे. लाठीच्या दोन टोकांना वजनं बांधून ती मनगटात फिरवा आणि मग तीच वजनं मुठीजवळ आणून फिरवा. फरक लगेच कळतो. मध्य-इंजिन गाडीची बहुतेक जड सामग्री दोन एक्सलच्या आत असते. म्हणून ती वळायला पटकन सुरू होते. घसरली तर तितक्याच पटकन फिरते.

निरनिराळ्या बाजू

पुढे ताकद असलेल्या गाडीवरचे आक्षेप जुने आहेत. तेच टायर वळतात, तेच ओढतात आणि ब्रेकचं बरंचसं कामही तेच करतात. वळणात लवकर गॅस दिला की गाडी बाहेरच्या बाजूला सरकते. याला अंडरस्टिअर म्हणतात. जास्त ताकद आली की स्टिअरिंग हातात ओढ घेतं, म्हणजेच टॉर्क स्टिअर. त्यामागे दोन ड्राइव्हशाफ्टच्या असमान लांबीपासून ते चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्या अक्षाचं चाकाच्या मध्यापासूनचं अंतर, अशी कारणं आहेत.

समर्थकांचं उत्तर इंजिनिअरिंगचं आहे आणि ते भक्कम आहे. समान लांबीचे ड्राइव्हशाफ्ट, वळण्याचा अक्ष चाकाच्या मध्याजवळ आणणारे पुढचे स्ट्रट (फोर्डचा रेव्होनकल हे त्याचं एक रूप) आणि मर्यादित घसरणीचं डिफरन्शियल, यांनी जुने दोष मोठ्या प्रमाणात आटोक्यात आणले. १९९५ ची होंडा इंटिग्रा टाइप आर अनेक चालकांच्या मते आजही पुढे ताकद असलेल्या गाडीचा मानदंड आहे. नुर्बुर्गरिंग या ट्रॅकवर २०.६ किलोमीटरच्या फेरीसाठी २००३ च्या बीएमडब्ल्यू एम३ सीएसएलची ७ मिनिटं ५० सेकंद ही वेळ गाजली होती. ३६० अश्वशक्ती, मागे ताकद. २०१९ मध्ये ३०० अश्वशक्तीच्या रेनो मेगान आरएस ट्रॉफी-आरने तेच अंतर ७ मिनिटं ४०.१ सेकंदांत कापलं. मधल्या सोळा वर्षांत टायर फार पुढे गेले, त्यामुळे ही मांडणीची मांडणीशी तुलना नाही. पण पुढे ताकद असली की वेगाला छत असतं, हे विधान मात्र यापुढे टिकत नाही. छताची जागा ताकदीने ठरते. २०१५ मध्ये निसानने ल माँच्या सर्वोच्च वर्गात पुढे इंजिन आणि पुढे ताकद असलेली गाडी आणली. मागच्या चाकांना मदत करायची हायब्रिड यंत्रणा चाललीच नाही आणि तिन्ही गाड्यांपैकी एकीलाही निकालात स्थान मिळालं नाही.

पुढे इंजिन आणि मागे ताकद ही अभिजात बाजू. तिच्या बाजूने सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद वेगाचा नसून संवादाचा आहे. स्टिअरिंगला फक्त वळायचं काम असतं, त्यामुळे हातात येणारी खबर निर्मळ असते. मागच्या चाकांवर उजव्या पायाचा ताबा असतो, त्यामुळे वळणात गाडीचं तोंड पायाने आत घेता येतं. १९८९ ची माझदा एमएक्स-५ याच तत्त्वावर उभी आहे. २०१२ मध्ये टोयोटा आणि सुबारू यांनी जीटी८६ आणि बीआरझेडला प्रियस या हायब्रिड गाडीला मिळणारेच काटकसरी टायर बसवले. पकड मुद्दाम कमी ठेवली, म्हणजे साध्या वेगातही गाडी बोलू लागेल. मला हा निर्णय या सगळ्या वादातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. जाणिवेसाठी निर्मात्याने हाताळणीचे आकडे स्वतःहून सोडून दिले.

‘५०:५० वजन’ या मंत्राबद्दल मात्र सावध राहायला हवं. निम्मं-निम्मं वजन उभ्या गाडीचं असतं. गॅस, ब्रेक आणि वळण यांत ते क्षणोक्षणी बदलतं. त्वरणाच्या हिशेबात तर मागे थोडं जास्त वजन सरस ठरतं, हे वर दिसलंच. ५०:५० हा संतुलित स्वभावाकडे जाणारा एक चांगला मार्ग आहे, एकमेव नाही.

मध्य-इंजिनाच्या बाजूने शर्यतीचा इतिहास जवळजवळ एकमुखी आहे. शेवरले कॉर्व्हेटचे इंजिनिअर झोरा आर्कस-डंटॉव्ह दशकानुदशकं या मांडणीचा आग्रह धरून होते. २०२० च्या सी८ पिढीत ती अखेर आली. विरोधी बाजू म्हणते की मर्यादेजवळ ही गाडी कमी वेळ देते आणि चुकीला माफी कमी असते. २०१७ च्या अल्पीन ए११०ने हा आक्षेप बऱ्याच अंशी बोथट केला. सुमारे ११०० किलो वजन, मागे ५६ टक्के भार आणि मऊ सस्पेन्शन यांमुळे ती घाबरवत नाही. मांडणीच्या स्वभावातला किती भाग प्रत्यक्षात वजनाचा आणि स्प्रिंगांचा असतो, हे या गाडीमुळे नीट दिसतं.

मागच्या एक्सलच्याही पलीकडे इंजिन ठेवणं हा सर्वांत वादग्रस्त पर्याय, आणि त्याची कहाणी म्हणजे पोर्शे ९११. १९६३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ती आली. तिच्या मागच्या चाकांवर सुमारे ६० टक्के भार. वळणात चालकाने घाबरून अचानक गॅस सोडला की भार पुढे सरके, मागच्या टायरांची पकड घटे आणि शेपूट बाहेर येई. पोर्शेने सुरुवातीला पुढच्या बम्परच्या टोकांत लोखंडी वजनं घातली. १९६९ च्या मॉडेलसाठी चाकांतलं अंतर ५७ मिलिमीटरने वाढवलं. १९७४ चा टर्बो आला आणि उशिरा, एकदम येणाऱ्या ताकदीने जुना दोष आणखी धारदार झाला. १९९३ च्या ९९३ पिढीत मागचं सस्पेन्शन नव्याने आखलं गेलं आणि तिथून ही गाडी सामान्य चालकाच्या आवाक्यात आली. आज तिचे चाहते जे सांगतात ते हिशेबात बसतं: वळणातून बाहेर पडताना मागच्या चाकांना मिळणारी पकड, आणि जोरात ब्रेक लावल्यावर चारही चाकांत भाराची जवळपास समान वाटणी. तरीही २०१७ च्या ९११ आरएसआर या शर्यतीच्या गाडीत खुद्द पोर्शेनेच इंजिन मागच्या एक्सलच्या पुढे नेलं. मागे हवेचा दाब निर्माण करणाऱ्या डिफ्युझरला जागा हवी होती, हेही त्यामागचं एक मोठं कारण. रस्त्यावरची ९११ मात्र जागची हलली नाही.

इथे शेवरले कॉर्व्हेअरची आठवण आवश्यक आहे. १९६० ची ही मागे इंजिन असलेली गाडी राल्फ नेडर यांच्या १९६५ च्या ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ या पुस्तकामुळे बदनाम झाली आणि मागच्या इंजिनालाच दोषी धरण्याची सवय लागली. पण तिच्या वागण्यात मागच्या स्विंग एक्सलचा आणि पुढच्या-मागच्या टायरांत बराच वेगवेगळा हवेचा दाब ठेवण्याच्या अटीचा मोठा वाटा होता. १९६५ च्या मॉडेलमध्ये सस्पेन्शन बदललं, इंजिन तिथेच राहिलं आणि ती गाडी नीट वागू लागली. अमेरिकी सरकारच्या १९७२ च्या अहवालाने जुनी कॉर्व्हेअरही समकालीन गाड्यांहून वाईट नव्हती असा निष्कर्ष काढला.

चारचाकी ताकदीबद्दल बोलताना एक भेद करावा लागतो. ती पकड निर्माण करत नाही, असलेली पकड ताकदीसाठी वापरू देते. ब्रेक लावताना किंवा गॅस न देता वळणात शिरताना तिचा उपयोग नाही. उलट यंत्रणेचं वजन सोबत असतं. सुरुवातीच्या क्वात्रोवरचा मुख्य आक्षेप हाच होता: पुढे लटकलेलं इंजिन, जड नाक आणि अंडरस्टिअर. १९८९ च्या निसान स्कायलाइन जीटी-आरने वेगळा रस्ता काढला. तिची ताकद मूलतः मागे जाई आणि मागची चाकं घसरू लागली की संगणकाच्या हुकमाने क्लच पुढे वाटा पाठवी. जपानच्या टुरिंग कार स्पर्धेत तिने भाग घेतलेल्या सर्व २९ शर्यती जिंकल्या. १९९६ च्या मित्सुबिशी लान्सर इव्होल्युशन ४ मध्ये मागच्या डाव्या-उजव्या चाकांत ताकद वेगवेगळी वाटण्याची सोय आली. तेव्हापासून चारचाकी ताकद पकडीबरोबर वळवण्याचंही साधन झाली. त्याच वर्षी फ्रँक बिएला यांनी ऑडी ए४ क्वात्रोतून ब्रिटिश टुरिंग कार अजिंक्यपद जिंकलं. १९९७ मध्ये क्वात्रोवर जादा वजन लादलं गेलं आणि १९९८ पासून चारचाकी ताकदीवर बंदी आली. फॉर्म्युला वनमध्ये तर ती १९८३ पासूनच बंद आहे.

इलेक्ट्रॉनिक्सने काय बदललं

१९९५ मध्ये मर्सिडीज-बेंझ आणि बॉश यांनी स्थिरता-नियंत्रण रस्त्यावर आणलं. नोव्हेंबर २०१४ पासून युरोपात ते प्रत्येक नव्या गाडीत सक्तीचं आहे. एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून ही यंत्रणा गाडीला चालकाने मागितलेल्या मार्गावर ठेवते. त्यामुळे रोजच्या चालवण्यात मांडण्यांमधला सुरक्षिततेचा फरक बराच आटला. ९११चा जुना धोका आज बहुतेकांना जाणवतही नाही.

यावर दोन मतं आहेत. एक गट म्हणतो, मांडणी आता इतिहासजमा झाली. सॉफ्टवेअरच गाडीचा स्वभाव ठरवतं. दुसरा म्हणतो, सॉफ्टवेअर आहे ती पकड वाटतं, वजनाची जागा बदलत नाही. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. सुरक्षिततेच्या बाबतीत पहिल्याचं पारडं जड आहे, जाणिवेच्या बाबतीत दुसऱ्याचं.

त्यातच स्टिअरिंगचा एक प्रश्न मिसळला गेला. हायड्रॉलिक स्टिअरिंगच्या जागी विजेवरचं आलं आणि अनेक गाड्यांतली हाताला येणारी खबर कमी झाली. २०११ च्या ९११वर झालेली बरीच टीका खरं तर याच बदलाची होती. मागच्या ताकदीचं स्टिअरिंग बोलकं, हा ठोकताळा ज्या काळात तयार झाला त्या काळची स्टिअरिंगच आज नाहीत.

एकच गाडी, दोन मांडण्या

मांडणीचा परिणाम वेगळा काढायचा तर बाकी सगळं सारखं हवं. असे प्रसंग थोडे आहेत. लॅम्बोर्गिनी हुराकान चारचाकी ताकदीत ६१० अश्वशक्तीची होती. २०१५ मध्ये आलेली मागच्या ताकदीची ५८० अश्वशक्तीची आणि ३३ किलोने हलकी. शून्य ते शंभरला ३.२ विरुद्ध ३.४ सेकंद. मागच्या ताकदीची जिवंत, असं चाचणी घेणाऱ्या अनेकांनी लिहिलं. पण ताकद, वजन आणि सस्पेन्शन तिन्ही वेगळी असल्यामुळे श्रेय नेमकं कुणाचं, ते सांगता येत नाही.

त्याहून स्वच्छ प्रयोग बीएमडब्ल्यूने नकळत करून ठेवला आहे. २०१७ च्या एम५ मध्ये बटणाने पुढच्या चाकांची ताकद पूर्ण तोडता येते. टायर तेच, वजन तेच, स्प्रिंग त्याच. सलग दोन फेऱ्यांत चालक दोन मांडण्या अनुभवू शकतो. अट एकच: मागच्या ताकदीचा मोड स्थिरता-नियंत्रण बंद केल्यावरच मिळतो, म्हणजे तिथेही दोन गोष्टी एकदम बदलतात.

विजेच्या मोटारी

विजेची मोटर लहान असते आणि कुठेही बसते. बॅटरी फरशीखाली पसरते, गुरुत्वमध्य खाली येतो. इंजिन कुठे ठेवायचं हा अर्धा प्रश्न त्यामुळे गळूनच पडतो. रिमाक नेव्हेरामध्ये प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर आहे. डावी-उजवी वाटणी क्लचशिवाय, सेकंदाच्या अगदी लहान अंशात होते. पुण्यात बनणाऱ्या टाटा हॅरियर ईव्हीलाही पुढे-मागे मिळून दोन मोटारी मिळतात. २०२३ च्या ह्युंदाई आयोनिक ५ एन मध्ये पुढे-मागे ताकदीची वाटणी चालक स्वतः ११ पायऱ्यांमध्ये निवडतो. तिच्यात गिअर नसताना गिअर बदलल्याचा झटका आणि आवाज मुद्दाम निर्माण केला जातो.

या शेवटच्या गोष्टीवर मतं तीव्र आहेत. कुणी तिला सोंग म्हणतं. कुणी म्हणतं, वेगाचा अंदाज देणारी खबर परत मिळाली, मग ती कशी तयार झाली याने काय फरक पडतो? मला दुसरी बाजू जास्त पटते, कारण जाणिवेचं काम चालकाला वेळेवर माहिती देणं हेच आहे. पण या गाडीचं २२०० किलोच्या आसपासचं वजन कुठल्याही सॉफ्टवेअरने हलकं होत नाही. टायरच्या साठ्यातला मोठा भाग ते वजन वळवण्यातच जातो. मांडणीचा वाद विजेच्या युगात हळूहळू वजनाच्या वादात बदलतो आहे.

काय ठरलं, काय राहिलं

वेगापुरतं बोलायचं तर बऱ्याच गोष्टी ठरल्या आहेत. निसरड्या रस्त्यावर चारचाकी ताकद जिंकते. मोकळ्या नियमांच्या, कोरड्या ट्रॅकवरच्या शर्यतीत मध्य-इंजिन. तीनशेच्या आसपास अश्वशक्तीपर्यंत पुढे ताकद असलेली नीट बांधलेली गाडी कुणाच्याही बरोबरीने उभी राहते.

राहिलेले प्रश्न जाणिवेचे आहेत. मॉरिस ओली यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेत हाताळणीचं पद्धतशीर मोजमाप सुरू केलं. १९५६ मध्ये विल्यम मिलिकेन आणि लिओनार्ड सेगल यांच्या गटाने गाडीच्या स्थिरतेची गणिती बैठक पक्की केली. त्या मोजमापात स्टिअरिंगचा कोन, बाजूचं त्वरण आणि वळण्याचा दर सगळं बसतं. चालकाला टायर सुटणार हे किती आधी कळलं, याचं सर्वमान्य एकक अजून ठरलेलं नाही. सरावलेल्या आणि नव्या चालकाला एकच गाडी वेगळी का वाटते, याचं उत्तरही मांडणीत कमी आणि माणसात जास्त असावं. आणि मागच्या ताकदीवरचं आपलं प्रेम कितपत भौतिकशास्त्राचं आणि कितपत जुन्या सवयीचं, हे सगळ्या मांडण्या एकाच फरशीवर, एकाच वजनात चालवता येतील तेव्हाच कळेल. चार मोटारींच्या गाड्यांनी ती सोय प्रथमच दिली आहे.

तोवर गाड्यांच्या चाचण्या लिहिणाऱ्यांना एक मागणी आहे. मांडणीबद्दल मत देताना टायरचं नाव, हवेचा दाब, रस्ता कोरडा की ओला, आणि कुठला मोड निवडला होता, हे चार तपशील प्रत्येक लेखात छापा.